कोंड्यावर घेतलेलं लेकरू

माझ्या पणजीला, केशरबाईला, सात मुलं झाली आणि सातही जगली. आज यात कुणाला काही विशेष वाटणार नाही. पण तो काळ निजामाच्या राज्याचा, मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ यायच्याही आधीचा, आणि वाडी आष्टीच्या पलीकडे दोन कोसांवर, जिथं सरकार म्हणजे शेतसारा न्यायला येणारी माणसं एवढंच ठाऊक. अशा ठिकाणी सात जन्मून सात जगणं म्हणजे नवलच. पोलीस पाटलाची स्वतःची चार गेली होती. त्यामुळं गावात माझ्या पणजीला जेवढा मान होता तेवढा पाटलालाही नव्हता, आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं. बाई फटकळ होती, जाडजूड होती, आणि रस्त्यानं चालली तर तीन आळ्यांना कळायचं.

ज्या बाईची मुलं जगत नसत ती नवं मूल झालं की केशरबाईला विकायची. विकायची म्हणजे अगदी रीतसर. पाचवी झाली की मूल सुपात घालून उकिरड्याच्या कडेला ठेवायचं. केशरबाई सहज जाता जाता दिसल्यासारखं करायची, थांबायची, “कुणाचं गं हे टाकलेलं?” म्हणून विचारायची. घरच्यांनी म्हणायचं, “कुणाचंच न्हाई, न्या तुमी.” मग ती पदरातला मूठभर कोंडा सुपात टाकायची आणि मूल उचलून घ्यायची. मुलगा असेल तर कोंडिबा, मुलगी असेल तर कोंडाबाई. गावात तेव्हा आठ-दहा कोंडिबा आणि कोंडाबाया असतील, हाक मारली की एकदम तिघं ओ द्यायची.

मूल वाढायचं जन्म दिलेल्या घरातच. पण ते केशरबाईचं. हे नुसतं म्हणायला नव्हतं. आईनं त्याला ‘माझं’ म्हणायचं नाही, लाडानं जवळ घेऊन कौतुक करायचं नाही, कुणी विचारलं तर “केशरबाईचं हाय, मी संबाळते” असंच सांगायचं. मूल केशरबाईला माय म्हणे आणि स्वतःच्या आईला नावानं हाक मारी. दर अमावस्येला केशरबाईनं येऊन आपल्या तोंडातला घास त्याच्या तोंडात घालायचा, म्हणजे ते तिचंच आहे हे बघणाऱ्याला पटावं. बघणारा कोण, ते कुणी उघड बोलत नसे. लग्नाच्या वेळी लुगडं-चोळी देऊन मूल परत मागून घ्यायचं, तोवर ही लपवाछपवी.

माझा भाचा डॉक्टर आहे. त्याला हे सांगितलं तर तो हसला, म्हणाला, काय अडाणीपणा. मला राग आला. चार मुलं पुरलेल्या बाईसमोर बसून हसून दाखव म्हटलं.

हे सगळं मला माझ्या आजीनं, वत्सलाबाईनं सांगितलं. ती केशरबाईची थोरली सून. आणि तिनं खरं तर सांगितलं ते तिच्या शेजारच्या छबुबाईबद्दल. दोघी एकाच साली लग्न होऊन त्या वाडीत आल्या, एकाच विहिरीवर पाणी भरायच्या. छबुबाई शिरूरकडची. उंच, सावळी, कामाला वाघ. नवरा बंकट साधा माणूस, बैलांच्या मागं दिवस घालवणारा. सासू चंद्रभागाबाई मात्र करडी होती.

छबुबाईची पहिली तीन मुलं गेली. पहिलं जन्मून सटवीच्या रात्रीच्या आतच गेलं. दुसऱ्याला देवी आल्या. तिसरी मुलगी, ती बसायला लागली होती, तिला डांग्या खोकला झाला. छबुबाई तिला घेऊन पलीकडच्या वस्तीवर नात्यातल्या बारशाला गेली होती, तिथं एक पोरगं खोकत होतं. सगळ्या बाया म्हणाल्या, दृष्ट लागली. छबुबाईनं मात्र एवढं मनात धरून ठेवलं की त्या खोकणाऱ्या पोराच्या मांडीला मांडी लावून आपली पोर बसवली होती.

चौथा मुलगा झाला तेव्हा चंद्रभागाबाईनं सूप आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. छबुबाईनं विरोध केला नाही. कशाला करील? तिलाही तो जगायलाच हवा होता. उकिरड्यापाशी केशरबाईनं त्याला उचललं, वर धरून न्याहाळलं आणि म्हणाली, “काय बाई, नाक तर हुबेहूब माज्यासारखं हाय!” सगळ्या हसल्या. छबुबाई दारात उभी राहून हसली. तिला तेवढीच मुभा होती.

पोर जगलं. पहिलं वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. अंगानं चांगलं भरलं, दुडुदुडु पळायला लागलं, बोलायला लागलं. आईला ‘छबू’ म्हणायचं. “छबू, भाकल.” “छबू, पानी.” माझी आजी म्हणायची, छबुबाईनं कधी त्याचा मुका घेतलेला कुणी पाहिला नाही. पण त्याची अंघोळ ती सगळ्यांत शेवटी, निवांत घालायची, दार लावून. आत काय करायची ते तिचं तिला माहीत.

त्या वर्षी ज्वारीची खळी चालू होती तेव्हा डांग्या आला. आष्टीच्या बाजाराला गेलेल्या एका घरातलं पोर आधी खोकायला लागलं, मग त्याच्या शेजारचं. खोकला सुरू झाला की पोर थांबतच नसे. खोकून खोकून काळंनिळं व्हायचं आणि मग श्वास आत ओढताना लांब शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. गावातल्या बायांना त्या आवाजावरून कळायचं कुठल्या घरातलं पोर आहे. पहिलं गेलं ते एक तान्हं. मग एक कोंडाबाई गेली. तिच्या आईनं केशरबाईला बोलावून घेतलं होतं, आणि केशरबाई दोन दिवस त्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. कोंड्यावर घेतलेल्यांतली ती पहिलीच मयत. सात जगवलेल्या बाईच्या मांडीवर मूल गेलं म्हणून गाव चरकलं, पण बोललं कुणी नाही, कारण बाकीचे कोंडिबा-कोंडाबाया अजून होते.

छबुबाईनं एवढं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सासूला म्हणाली, “आत्या, खळ्यावर माणूस पायजे. मी पोराला घिऊन शेतात ऱ्हाते.”

“खोपटात? थंडीत?”

“ज्वारी पडलीय. ढोरं पडतील तिच्यात.”

चंद्रभागाबाईला कारण पटलं. ज्वारीची काळजी तिला कळायची. बंकट तर म्हणाला, “येऊ दे की, मला भाकर तरी ताजी मिळंल.” आणि छबुबाई पोराला काखेला मारून शेतात जाऊन राहिली. गावाबाहेर, ओढ्यापलीकडं, जिथं बैल आणि पाखरांशिवाय कुणी खोकणारं नव्हतं. माझी आजी एकदा तिला बघायला गेली, तर छबुबाईनं लांबूनच विचारलं, “तुज्या घरात कोण खोकतंय का गं?” आजी म्हणाली, सासू खोकतीय जरा, खळ्यावरचा भुसा गेलाय घशात. मग छबुबाईनं तिला लिंबाखालीच बसवलं आणि खोपटापाशी येऊ दिलं नाही. आजीला तेव्हा राग आला होता. म्हणाली, मला वाटलं ही शहाणी झाली जास्त.

अमावस्या आली. चंद्रभागाबाई सकाळीच शेतात आली, कारण केशरबाई येणार होती आणि त्या वेळी घरची मोठी बाई हवी. छबुबाई चुलीपाशी होती. पोर खळ्याच्या कडेला ज्वारीची कणसं गोळा करून त्यांचा ढीग लावत होतं.

केशरबाई बांधावरून आली ती खोकतच. जोराचा नव्हता. कोरडा, मधूनच येणारा, माणूस बोलता बोलता थांबतं तेवढाच. छबुबाई हातातलं पीठ तसंच ठेवून उभी राहिली.

“मावशी, खोकला लागलाय तुमाला?”

“आगं लई दिस झाले, भुसा बसलाय घशात. आमच्या त्या वत्सलीनं गुळाचा काढा दिलता, कायबी फरक न्हाई. कुठं हाय माजा कोंड्या? काय रं, ही छबू तुला खायला देती का न्हाई?”

पोर तिला बघून हसत पळत आलं. छबुबाईनं त्याला वाटेतच उचललं.

“मावशी,” ती म्हणाली, “आज नगं घास द्यायला. फुडल्या अमुशाला द्या.”

केशरबाईला वाईट वाटलं असावं. बोलली ती चंद्रभागाबाई.

“कावून?”

छबुबाईनं पोराला दुसऱ्या काखेला घेतलं.

“कावून गं? तुजं हाय का ते लेकरू?”

माझी आजी हे सांगताना इथं थांबायची. तिला हे सगळं चंद्रभागाबाईनंच नंतर सांगितलं होतं, आणि सांगताना म्हातारीला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. सुनेच्या तोंडून ‘माजं’ निघालं असतं तर झालं होतं, तिनं कसं वेळीच सावरलं, असंच ती सांगे. आणि खरंच, छबुबाईला दुसरं काय बोलता येणार होतं? माझं आहे म्हणाली असती तर दोन वर्षांचं सगळं पाण्यात. ऐकणारा तिथंच कुठंतरी बांधावर बसलेला असणार, पहिल्या तिघांना नेणारा. खोकल्याची तिला भीती होती, पण त्याची जास्त होती.

“न्हाई आत्या,” छबुबाई म्हणाली. “मावशींचं हाय.”

आणि तिनं पोर केशरबाईच्या हातात दिलं. केशरबाईनं बांधावर बसून त्याला मांडीवर घेतलं, भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून तोंडात घोळवला, मऊ केला, आणि बोटानं त्याच्या तोंडात भरवला. मध्ये तिला खोकला आला. तिनं तोंड बाजूला वळवलं, खोकली, पदरानं ओठ पुसले आणि उरलेला घास दिला. पोरानं मिटक्या मारून खाल्ला.

माझा भाचा म्हणतो, मोठ्या माणसाला डांग्या झाला तर कित्येकदा नुसता हट्टी कोरडा खोकला वाटतो. शीळ वाजतेच असं नाही. महिना-महिना माणूस हिंडत राहतं आणि दुसऱ्यांना तो देत राहतं. माझी पणजी त्या अमावस्येला सगळ्या कोंडिबांच्या घरी गेली. एकाही लेकराला तिनं उपाशी ठेवलं नाही. कुणी म्हणेल तिनं गावभर डांग्या वाटला. मला ते ऐकवत नाही, आणि खोटं आहे असंही म्हणता येत नाही.

कोंडिबाला आधी साधं पडसं झालं. मग खोकला. मग एके दुपारी छबुबाई ज्वारी उफणत होती आणि खोपटातून ती शीळ आली. तिनं हातातली पाटी खाली ठेवली. उफणलेली ज्वारी आधी झाकली, मग आत गेली. धावत गेली नाही. हे तिनंच पुढं माझ्या आजीला सांगितलं. 

घरी आणल्यावर जे करतात ते सगळं केलं. अडुळशाचा रस मधातून दिला, बेहड्याची साल तोंडात धरायला लावली, गाढविणीचं दूध आणलं. बंकट आष्टीला जाऊन एका हकिमाकडून सरबत घेऊन आला, पिराच्या ठिकाणाहून ताईतही आणला. पोटावर बिब्ब्याचा चटका द्यायचं चंद्रभागाबाईनं ठरवलं आणि छबुबाईनं पोराचे हात धरले. ती सांगितलं ते सगळं करत होती. स्वतःहून काहीच करत नव्हती. पोर ओकायचं, ती पुसायची. पोर काळंनिळं व्हायचं, ती पाठीवर हात ठेवून बसायची. खोकला ओसरला की ते तिच्याकडं बघून म्हणायचं, “छबू, पानी.” पाणी प्यायलं की पुन्हा उबळ.

केशरबाई रोज येत होती. आता तिचाही खोकला वाढला होता आणि एकदा उबळ येऊन तिलाही तशीच शीळ आली, पोराच्या शेजारी बसलेली असताना. छबुबाईनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. केशरबाई उठून बाहेर गेली आणि ओट्यावर बसून राहिली. त्या दिवसानंतर ती आत आली नाही.

पण पोराचं फार वाईट झालं तेव्हा चंद्रभागाबाईनंच तिला आत ओढून आणलं. रीत होती. त्याच्या मायच्या मांडीवर त्याला द्यायला हवं होतं. छबुबाईनं स्वतः उठून जागा करून दिली. पोर केशरबाईच्या मांडीवर गेलं. शेवटच्या उबळीनंतर श्वास आत आलाच नाही.  छबुबाई तेव्हा पाणी तापवायला चुलीपाशी बसली होती. तिनं जाळ मागं ओढला.

मूल लहान, म्हणून पुरलं. ओढ्याकाठी बंकटनं खड्डा खणला, पण मूल खाली ठेवलं केशरबाईच्या थोरल्या मुलानं, माझ्या आजोबांनी. भाऊ होता ना तो त्याचा.

दुसऱ्या दिवशी बाया भेटायला गेल्या त्या केशरबाईच्या घरी. मयत तिची होती. ओसरीवर ओळीनं बसल्या. त्यांत ज्यांची मुलं केशरबाईनं घेतलेली होती त्याही होत्या, काहींच्या घरात पोरं अजून खोकत होती. छबुबाई त्या ओळीत बसली, शेजारीण म्हणून. एकेक जण उठून केशरबाईजवळ जायची, गळ्यात पडायची, दोन शब्द बोलायची. छबुबाईची पाळी आली.

केशरबाईनं तिला बघितलं आणि तिचा बांध फुटला. एवढी दांडगी बाई, तिनं छबुबाईचे दोन्ही हात धरले. “आगं तुजाच व्हता गं. तुजाच व्हता. रड तू. माज्याच खोकल्यानं गेला. मी सोडला त्याला, तू रड.”

 मागं बसलेल्या, पोरं कोंड्यावर दिलेल्या बाया छबुबाईकडं बघत होत्या. माझी आजी दारात उभी होती. ती म्हणायची, त्या बायांचे डोळे मला अजून दिसतात. छबुबाईनं ‘माझा’ म्हटलं असतं तर कोंडा खोटा ठरला असता, तिच्या एकीचाच नव्हे, सगळ्यांचा. घरात खोकत पडलेली ती पोरंही मग उघडी पडली असती. त्या बायांना तेवढीच भीती होती. आणि छबुबाईला ती सगळ्यांपेक्षा जास्त कळत होती.

“असं नगा बोलू मावशी,” ती म्हणाली. “तुमचं लेकरू गेलं. देवाची मर्जी. बाकीची हायेत, त्यांच्याकडं बगा.”

ती परत जाऊन बसली. थोड्या वेळानं उठली, घरी गेली आणि ज्वारी दळायला घेतली. सासूनं विचारलं, रडलीस का? ती म्हणाली, न्हाई.

त्या साथीत वाडीतली किती गेली, ते कुणी मोजलं नाही. कोंडिबा-कोंडाबायांतले तिघं-चौघं वाचले. छबुबाईला पुढं मूल झालं नाही. बंकटनं दुसरी बायको केली, तिला मुलं झाली, ती जगली. छबुबाईनं त्यांना न्हाऊमाखू घातलं, खाऊपिऊ घातलं. कामात कसूर नव्हती, पण माया म्हणतात ती होती की नव्हती, कळायचं नाही. कुणी नव्या बाईनं विचारलं, तुमाला किती झाली, तर ती सांगायची, “तीन झाली. तीनबी गेली.” चौथ्याचं नाव तिनं घेतलं नाही. तो तिच्या मोजणीत नव्हता. सणाला, लग्नाला, मयतीला ती जायची, बसायची, उठायची. माझी आजी म्हणायची, मी तिच्यासंगं वीस-बावीस वर्षं पाणी भरलं, पण तिच्या डोळ्यात पाणी पाह्यलं न्हाई.

मग केशरबाई गेली. चांगली पिकून, पतवंडं बघून गेली. निजामाचं राज्य अजून होतंच. तोवर वाचलेल्या कोंडिबांची लग्नं होऊन ते आपापल्या आयांकडं रीतीनं परत गेलेले. विकत घेतलेलं, उघडं पडेल असं तिच्याकडं कुणी उरलं नव्हतं.

मयत अंगणात ठेवली होती. बाया जमल्या, रडारड चालू होती, पण म्हातारीचं सोनं झालं म्हणून त्यात फार जोर नव्हता. छबुबाई आली. केस पांढरे झालेले. ती मयतीच्या पायाशी बसली, केशरबाईच्या पायांवर हात ठेवला.  मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला.

“कोंडिबा रं! माज्या लेकरा! माज्या वासरा! कुठं गेलास रं मला सोडून!”

ती जमिनीवर डोकं आपटायला लागली. छाती बडवायला लागली. दोघी-तिघींनी तिला धरलं, पण ती आवरेना. एक म्हातारी कुजबुजली, हिला काय झालं, मयत कुणाची आणि ही कुणाला रडतीय. पुरुष अंगणाच्या कडेला उभे होते, तेही बघायला लागले. बंकटनं मान खाली घातली. कुणीतरी पाणी आणायला धावलं, कुणी म्हणालं हिला घरी न्या, इथं अपशकून नको.

माझी आजी घरातून बाहेर आली. सासूची मयत सोडून ती छबुबाईजवळ बसली आणि तिला धरणाऱ्या बायांचे हात एकेक करून बाजूला केले.

“सोडा तिला,” ती म्हणाली. “रडू द्या. लेकरू गेलंय तिचं.”